क्रोममध्ये नीट, सफारीत विस्कटलेलं: वेगवेगळ्या ब्राउझरमधला लेआउट कसा दुरुस्त करायचा

साइट क्रोममध्ये छान दिसतेय, फायरफॉक्समध्ये खाली आडवा स्क्रोल आलाय आणि आयफोनवर तळाचं बटणच दिसत नाहीये. असं झालं की बरेच जण नेटवर सफारीसाठीचा हॅक शोधतात, एखादा तुकडा उचलून स्टाइलशीटच्या शेवटी चिकटवतात आणि तेवढ्यापुरतं काम भागतं. पुढे तोच तुकडा दुसरीकडे काहीतरी मोडतो आणि तो कशासाठी टाकला होता हे टीममध्ये कुणालाच आठवत नसतं. मला अगदी मनापासून वाटतं की असे हॅक आता जवळपास लागतच नाहीत. जे फरक दिसतात त्यातल्या बहुतेकांमध्ये ब्राउझरचा दोष नसतो, आपल्याच सीएसएसमध्ये (पानाची मांडणी आणि रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) एखादी गोष्ट सांगायची राहून गेलेली असते आणि ती राहिलेली जागा प्रत्येक ब्राउझर, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम, अगदी प्रत्येक फॉन्टसुद्धा आपापल्या परीने भरून काढतो. त्यामुळे कोणता ब्राउझर चुकतोय हे विचारण्याआधी या बॉक्सची रुंदी किंवा उंची नेमकी कुठून येतेय हे विचारायचं.

उदाहरणासाठी एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाची मराठी साइट डोळ्यासमोर ठेवू. वर चिकटून राहणारा मेनू, मध्ये पुस्तकांची कार्डं, सभासद व्हायचा फॉर्म, आणि मोबाइलवर तळाशी 'पुस्तक राखून ठेवा' असं बटण. साधीच साइट, पण नेहमीचे जवळपास सगळे प्रॉब्लेम यात येतात. प्रॉपर्टींची नावं मी इथे देवनागरीत लिहितेय, कोडमध्ये नेहमीचं स्पेलिंग वापरा.

आधी खात्री करा की फरक ब्राउझरचाच आहे

यात पाच मिनिटं जातात आणि अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. कंट्रोल आणि शून्य दाबून झूम १०० टक्क्यांवर आणा, कॅशे टाळून पान परत लोड करा, आणि खासगी विंडोमध्ये उघडून बघा कारण तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. ॲड ब्लॉकर क्लासच्या नावावरूनसुद्धा एलिमेंट लपवतात, म्हणजे वाचनालयाच्या सूचनेच्या पट्टीला तुम्ही 'ॲड-बॅनर' असा क्लास दिला असेल तर काही लोकांना ती दिसणारच नाही आणि तुम्ही लेआउटमध्ये कारण शोधत बसाल.

दुसरी गोष्ट विंडोजचं स्केलिंग. १९२० पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर डिस्प्ले स्केल १२५ टक्के असेल तर ब्राउझरला प्रत्यक्षात १५३६ सीएसएस पिक्सेलच मिळतात, १५० टक्के असेल तर १२८०. तुमच्या मीडिया क्वेरीचा (रुंदीनुसार स्टाइल बदलणाऱ्या नियमाचा) ब्रेकपॉइंट, म्हणजे बदलाची सीमा, १६०० वर असेल तर १०० आणि १२५ टक्के स्केलच्या दोन लॅपटॉपवर एकच क्रोम दोन वेगळे लेआउट दाखवणार. म्हणून कुणी स्क्रीनशॉट पाठवला की ब्राउझरच्या नावासोबत विंडोची रुंदी, स्केल आणि फोन असेल तर अक्षरांचा आकार वाढवलाय का, हेही विचारून घ्या. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर अक्षरं हमखास मोठी केलेली असतात आणि वाचनालयाचे बरेच सभासद तेच आहेत.

मग इंजिन ओळखा

ब्राउझर पुष्कळ आहेत पण लेआउट मांडणारी मोठी इंजिनं तीनच. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट हे सगळे ब्लिंकवर चालतात (एज जानेवारी २०२० पासून), फायरफॉक्स गेकोवर आणि सफारी वेबकिटवर. ब्लिंक स्वतः २०१३ मध्ये वेबकिटमधूनच वेगळं झालं, त्यामुळे दोघांत साम्य बरंच आहे, पण आता दोघं पुरेसे लांब गेलेत. इंटरनेट एक्सप्लोरर ११ ला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला निरोप दिला, त्यामुळे तुमच्याकडे त्याची अगदी खास गरज नसेल तर ते जुने कंडिशनल कमेंट आणि स्टार हॅक सरळ काढून टाका.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. भारतात आयफोनवरचा क्रोम हा आतून वेबकिटच आहे, फायरफॉक्ससुद्धा. युरोपियन युनियनमध्ये ॲपलने आयओएस १७.४ पासून दुसऱ्या इंजिनाला परवानगी दिली, भारतात मात्र जुनाच नियम. म्हणजे 'आयफोनच्या क्रोममध्ये बिघडलंय' अशी तक्रार आली आणि तुम्ही डेस्कटॉपच्या क्रोममध्ये शोधत बसलात तर काही सापडणार नाही, ती तक्रार सफारीची समजून चाला.

ब्लिंकमध्ये आणि गेकोमध्ये नीट आहे पण वेबकिटमध्ये नाही, की फक्त ब्लिंकमध्ये नीट आहे आणि बाकी दोन्हींत बिघडलंय? हा फरक फार महत्त्वाचा आहे. बाकी दोन्ही इंजिनं एकसारखं दाखवत असतील तर तुमचा कोडच कशाच्या तरी भरवशावर क्रोममध्ये चालत होता, अशी शक्यता मोठी असते.

इंजिनासोबत व्हर्जनही

आयफोनवर सफारीचं व्हर्जन आयओएसला बांधलेलं असतं, ते वेगळं अपडेट करता येत नाही. आयफोन ६ आयओएस १२ वर थांबलाय, आयफोन ७ आयओएस १५ वर. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमचं शेवटचं व्हर्जन १०९, आणि जुने कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वर चालवणारी ठिकाणं आहेत, वाचनालयाच्या टेबलावरचा कॉम्प्युटरच तसा असू शकतो.

आता याचा लेआउटशी संबंध बघा. सीएसएस नेस्टिंग (एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणं) क्रोम ११२ ला आलं आणि सबग्रिड (आतल्या ग्रिडने बाहेरच्या ग्रिडच्या रेषा वापरणं) ११७ ला. तुम्ही सगळ्या स्टाइल नेस्ट करून लिहिल्या आणि बिल्ड करताना त्या सपाट केल्या नाहीत तर क्रोम १०९ आतले नियम सोडून देतो आणि पान जवळपास उघडंबोडकं दिसतं. तसंच मीडिया क्वेरीत 'विड्थ ६०० पेक्षा मोठी किंवा समान' असं गणितातल्या चिन्हाने लिहायची नवी पद्धत सफारीत १६.४ ला आली, म्हणजे आयफोन ७ वर ती पूर्ण क्वेरीच लागू होत नाही. फ्लेक्समधला (बॉक्स एका रांगेत मांडायच्या पद्धतीतला) गॅप, म्हणजे बॉक्समधली मोकळी जागा, फायरफॉक्समध्ये २०१८ पासून आहे, क्रोममध्ये ८४ पासून आणि सफारीत थेट १४.१ ला, एप्रिल २०२१ मध्ये आला, तेव्हा आयफोन ६ वर कार्डं एकमेकांना चिकटलेली दिसली तर नवल नाही. टेलविंड या तयार सीएसएस फ्रेमवर्कचं चौथं व्हर्जन तर मुळातच सफारी १६.४, क्रोम १११ आणि फायरफॉक्स १२८ च्या पुढेच चालेल असं त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, ते घ्यायच्या आधी आपला वाचक कोणत्या मशीनवर बसलाय हे बघायला हवं.

कॅन आय यूज किंवा एमडीएन या साइटवर प्रॉपर्टीचं नाव टाकलं की व्हर्जनचा तक्ता मिळतो. अंदाजाने न सांगता तो बघूनच ठरवा.

पान कमी कमी करत जा

इथे घाई होते आणि इथेच वेळ वाचवता येतो. पूर्ण साइट समोर ठेवून बग शोधू नका.

सगळ्यात आधी डॉकटाइप, म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीची एचटीएमएलची घोषणा. तो नसेल, किंवा त्याच्या आधी पीएचपीची एखादी वॉर्निंग छापली जात असेल, तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये जातो आणि तिथे टक्क्यातली उंची वेगळी मोजली जाते, टेबलात फॉन्टचा आकार वरून येत नाही, असले जुने नियम लागू होतात. डेव्हटूल्सच्या (ब्राउझरमधल्या डेव्हलपरच्या टूल्सच्या) कन्सोलमध्ये डॉक्युमेंट डॉट कॉम्पॅट-मोड टाइप करा, उत्तर बॅक-कॉम्पॅट आलं तर बाकी काही बघायच्या आधी हे दुरुस्त करा. मग एचटीएमएल व्हॅलिडेटरमधून पान एकदा काढा. पॅराग्राफच्या आत डिव्ह टाकला की ब्राउझर पॅराग्राफ तिथेच बंद करतो, आणि मग तुमचं सीएसएस ज्या रचनेसाठी लिहिलंय ती रचनाच पानात नसते.

त्यानंतर सगळ्या एलिमेंटना तात्पुरती आउटलाइन द्या, १ पिक्सेल, सॉलिड, लाल. बॉर्डर नको कारण बॉर्डर जागा घेते आणि मोजमाप बदलतं, आउटलाइन जागा घेत नाही. लगेच दिसतं कुठला बॉक्स पानाच्या बाहेर गेलाय. मग डेव्हटूल्समध्ये पानाचा अर्धा भाग डिलीट करा. बग गेला? मग तो काढलेल्या अर्ध्यात होता. नाही गेला? मग उरलेल्यात आहे. असं अर्धं-अर्धं करत दहा-पंधरा ओळींवर या. हे कंटाळवाणं वाटतं खरं, पण तीनशे ओळींच्या स्टाइलशीटकडे बघत अंदाज बांधत बसण्यापेक्षा कितीतरी लवकर होतं, आणि खूपदा कापाकापी करता करताच कारण समोर येतं.

फायरफॉक्सचं डेव्हटूल्स लेआउटच्या कामाला मला सगळ्यात जास्त आवडतं. ज्या प्रॉपर्टीचा काही परिणाम होत नाहीये ती तिथे फिकट दिसते आणि बाजूच्या खुणेवर गेलं की का होत नाहीये ते लिहून येतं, उदाहरणार्थ इनलाइन एलिमेंटला रुंदी दिलीय म्हणून. फ्लेक्स कंटेनरमधल्या एखाद्या आयटमवर क्लिक केलं की त्याची मूळ रुंदी किती, किती आकसला आणि कुठल्या मर्यादेला अडकला, हे आकृतीसकट दाखवतं. बग सफारीत असला तरी समजून घ्यायला फायरफॉक्समध्ये उघडून बघा.

फ्लेक्स आणि ग्रिडमधून बाहेर पडणारा मजकूर

वाचनालयाचं एक कार्ड घ्या. डावीकडे मुखपृष्ठ, उजवीकडे पुस्तकाचं नाव आणि लेखक, दोन्ही फ्लेक्समध्ये. तुमच्या विंडोज लॅपटॉपवर नीट, मॅकवर उजवा भाग कार्डाच्या बाहेर. सगळे म्हणणार सफारीचा बग.

तसं नाहीये. फ्लेक्स आयटमची मिन-विड्थ डिफॉल्टने शून्य नसते, ऑटो असते, आणि ऑटोचा अर्थ असा की आयटम आपल्या आतल्या सर्वात लांब न तुटणाऱ्या शब्दापेक्षा लहान होणार नाही. मराठीत प्रत्यय जोडून शब्द केवढे लांबतात ते आपल्याला माहीतच आहे, 'ग्रंथालयशास्त्रविषयक' असा एक शब्द शीर्षकात आला की तोच आयटमची किमान रुंदी ठरवतो. आता विंडोजवर हा शब्द एका फॉन्टमध्ये दिसतोय आणि मॅकवर दुसऱ्यात, तिथे तो थोडा रुंद आहे, एवढ्याने तो मर्यादेबाहेर गेला. नियम दोन्ही इंजिनांनी सारखाच पाळलाय, फक्त विंडोजवर नशिबाने मावत होतं.

उपाय एका ओळीचा. मजकुराच्या आयटमला मिन-विड्थ: ० द्या, आणि शब्द तुटावा म्हणून ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर. यातलं एनीव्हेअर सफारीत १५.४ पासून चालतं, त्याच्याआधीच्या ओळीत ब्रेक-वर्ड लिहून ठेवलंत तर जुन्या सफारीलाही आधार मिळतो. वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल मात्र मराठी मजकुराला लावू नका, तो जागा असो नसो ओळीच्या टोकाला कुठेही शब्द तोडतो आणि वाचणाऱ्याला त्रास होतो. फ्लेक्सची दिशा कॉलम असेल तर हीच गोष्ट मिन-हाइटला लागू, आणि 'आतली यादी स्क्रोलच होत नाहीये' ही तक्रार दहातल्या आठ वेळा याचीच असते.

ग्रिडमध्येही तेच. १एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा) म्हणजे खरं तर किमान ऑटो आणि कमाल १एफआर असतं, म्हणून तीन समान कॉलम मागितले तरी एका कार्डात रुंद टेबल आलं की तो कॉलम फुगतो. तिथे मिनमॅक्स(०, १एफआर) लिहा. फॉर्ममध्ये फील्डसेट वापरला असेल तर त्यालाही ब्राउझरने स्वतःची किमान रुंदी दिलेली असते, त्यालाही मिन-विड्थ: ० लागते.

मुखपृष्ठाचं चित्र ताणलं जातंय? फ्लेक्समध्ये अलाइन-आयटम्स डिफॉल्टने स्ट्रेच असतं, चित्राला अलाइन-सेल्फ: फ्लेक्स-स्टार्ट द्या किंवा त्याला एका डिव्हमध्ये ठेवा. चित्राखाली बारीक फट राहतेय तर ते इनलाइन आहे म्हणून, डिस्प्ले: ब्लॉक करा.

आणि हो, वडिलाला (बाहेरच्या एलिमेंटला) फक्त मिन-हाइट दिलीय आणि मुलाला (आतल्या एलिमेंटला) हाइट: १०० टक्के, हे चालत नाही कारण टक्के कशाचे काढायचे ते ठरलेलंच नसतं. वडिलाला फ्लेक्स किंवा ग्रिड करा, मूल आपोआप ताणलं जाईल.

देवनागरी फॉन्ट, ज्याकडे कुणी बघत नाही

इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे सापडत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. तुम्ही वेबफॉन्ट (साइटसोबत उतरणारा फॉन्ट) दिला नाही तर मराठी मजकूर जुन्या विंडोजवर मंगलमध्ये, विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआयमध्ये, मॅक आणि आयफोनवर कोहिनूर देवनागरी किंवा देवनागरी संगममध्ये आणि बहुतेक अँड्रॉइडवर नोटो सान्समध्ये दिसतो. या प्रत्येकाची रुंदी वेगळी आणि उंचीही वेगळी. लाइन-हाइट नॉर्मल ठेवली की ओळीची उंची फॉन्टच ठरवतो, म्हणून तीच पाच ओळींची प्रस्तावना एका मशीनवर कार्डात मावते आणि दुसऱ्यावर सांडते.

वेबफॉन्ट दिला तरी एक गडबड होते. गूगल फॉन्ट्सवरून फाइल उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना बरेच जण फक्त लॅटिन भाग घेतात. इंग्रजी अक्षरं तुमच्या फॉन्टमध्ये दिसतात, मराठी मात्र सिस्टीमच्या फॉन्टवर जातं आणि तुम्हाला वाटतं फॉन्ट लागलाय. डेव्हटूल्समध्ये प्रत्यक्ष कोणता फॉन्ट वापरलाय ते दिसतं, क्रोममध्ये कम्प्युटेड टॅबच्या तळाशी आणि फायरफॉक्समध्ये फॉन्ट्सच्या टॅबमध्ये, ते मराठी परिच्छेदावर क्लिक करून तपासा. मुक्त, बलू हे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे फॉन्ट मोफत आहेत आणि त्यात देवनागरी पूर्ण आहे, त्यांचा देवनागरी भाग आठवणीने घ्या.

लाइन-हाइट स्वतः द्या, एककाशिवाय, मराठी मजकुराला १.५ ते १.७ च्या आसपास. इंग्रजी डिझाइनमधून आलेली १.१ किंवा १.२ शीर्षकाला तशीच ठेवली आणि वर ओव्हरफ्लो: हिडन असेल तर रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जातात, उकार खालून. बटणालाही ठरावीक हाइट देऊ नका, मिन-हाइट आणि पॅडिंग द्या. लेटर-स्पेसिंग देवनागरीला लावू नका, शिरोरेषा तुटते आणि रुंदी उगाच वाढते. एचटीएमएल टॅगवर लँग: एमआर लिहा, ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेत तिथे ते त्यामुळेच दिसतात.

मोबाइलवरची उंची

'पुस्तक राखून ठेवा' हे बटण आयफोनवर गायब का होतं? बाहेरच्या डब्याला हाइट: १००व्हीएच, म्हणजे स्क्रीनच्या पूर्ण उंचीएवढी, दिलीय म्हणून. मोबाइल ब्राउझरमध्ये पत्त्याची पट्टी स्क्रोल करताना लहानमोठी होते आणि व्हीएच मोजताना पट्टी लहान झाल्यावरची, म्हणजे मोठी उंची धरली जाते. पान उघडल्या उघडल्या पट्टी मोठी असते, तळाचा भाग तिच्यामुळे खाली ढकलला जातो. अँड्रॉइडच्या क्रोममध्येही असंच आहे, आयफोनवर खालच्या पट्टीमुळे ते जास्त जाणवतं एवढंच.

यावर एसव्हीएच, एलव्हीएच आणि डीव्हीएच ही एककं आली, सफारी १५.४, फायरफॉक्स १०१ आणि क्रोम १०८ पासून. एस म्हणजे पट्ट्या पूर्ण दिसत असतानाची लहान उंची, एल मोठी, डी बदलती. बऱ्याच जणांना डीव्हीएच सगळीकडे वापरायचा मोह होतो, पण स्क्रोल करताना तो बदलतो आणि मजकूर हलतो, म्हणून पूर्ण स्क्रीनच्या भागासाठी एसव्हीएच मला जास्त शांत वाटतं. ओळी दोन लिहा, आधी मिन-हाइट: १००व्हीएच, खाली मिन-हाइट: १००एसव्हीएच. जुना ब्राउझर न कळलेली दुसरी ओळ सोडून देतो आणि पहिली वापरतो, वेगळं काही करावं लागत नाही.

तळाशी फिक्स केलेलं बटण नव्या आयफोनच्या खालच्या रेषेखाली जातं, त्यासाठी पॅडिंग-बॉटममध्ये एन्व्ह(सेफ-एरिया-इनसेट-बॉटम) मिळवा. व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये व्ह्यूपोर्ट-फिट: कव्हर लिहिलं असेल तेव्हा तर हे द्यायलाच हवं, नाहीतर पान कडेपर्यंत जातं आणि बटण रेषेखाली सापडतं. कीबोर्ड वर आला की फिक्स बटण त्याच्या मागे लपतं, आयफोनवर आधीपासून आणि अँड्रॉइड क्रोममध्ये १०८ पासून, तेव्हा फॉर्मच्या पानावर सबमिट बटण फिक्स न करता फॉर्मच्या शेवटीच ठेवलेलं बरं.

चिकटत नसलेला मेनू आणि आडवा स्क्रोल

हे दोन्ही एकत्र घेते कारण एकाचा चुकीचा उपाय दुसऱ्याला मोडतो. आडवा स्क्रोल आला की लोक बॉडीच्या आतल्या रॅपरला ओव्हरफ्लो-एक्स: हिडन देतात. त्याने तो रॅपर स्क्रोल कंटेनर (आतला मजकूर स्वतः स्क्रोल करणारा डबा) बनतो, आणि स्टिकी मेनू पानाऐवजी त्या रॅपरला चिकटायला बघतो, जो स्वतः स्क्रोल होतच नाही. मेनू गेला.

आडव्या स्क्रोलचं मूळ शोधा. एक नेहमीचं कारण म्हणजे विड्थ: १००व्हीडब्ल्यू, म्हणजे विंडोची पूर्ण रुंदी. विंडोजवर उभा स्क्रोलबार साधारण १५ ते १७ पिक्सेल जागा घेतो आणि व्हीडब्ल्यू मोजताना ती जागा सहसा वजा होत नाही, म्हणून तेवढं पान बाहेर जातं. मॅकवर ट्रॅकपॅड असेल तर स्क्रोलबार मजकुरावर तरंगतो, त्यामुळे मॅकवर काम करणाऱ्या डेव्हलपरला हा प्रॉब्लेम दिसतच नाही. मॅकच्या सेटिंगमध्ये स्क्रोलबार कायम दाखवा हा पर्याय चालू करून ठेवा. उपाय साधा, १००व्हीडब्ल्यूच्या जागी १०० टक्के. दुसरं कारण बॉक्स-सायझिंग. सगळ्या एलिमेंटना बॉर्डर-बॉक्स नसेल तर रुंदी १०० टक्के अधिक पॅडिंग असा हिशोब होतो.

काही बाहेर गेलेलं खरंच कापायचंच असेल, सजावटीचं चित्र वगैरे, तर ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप वापरा, तो स्क्रोल कंटेनर बनवत नाही. क्रोम ९०, फायरफॉक्स ८१, सफारी १६ पासून आहे.

स्टिकी तरीही चालत नसेल तर टॉपची किंमत दिलीय का बघा, आणि ग्रिडमधला साइडबार असेल तर तो पूर्ण उंचीला ताणला गेलेला असतो, त्याला सरकायला जागाच नसते, अलाइन-सेल्फ: स्टार्ट द्या. पोझिशन: फिक्स्ड असलेली गोष्ट भलतीकडेच दिसत असेल तर वरच्या कुठल्यातरी एलिमेंटला ट्रान्सफॉर्म लागलाय का ते शोधा, तो असला की फिक्स्ड स्क्रीनला न धरता त्याला धरतं.

फॉर्म

इनपुट, सिलेक्ट, बटण यांचं मूळ रूप आजही प्रत्येक सिस्टीमवर वेगळं आहे. फॉन्ट: इनहेरिट द्या, नाहीतर ते स्वतःचाच लहान फॉन्ट धरून बसतात. आयफोनवर इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर सफारी टॅप केल्यावर पान झूम करतं आणि लेआउट बिघडल्यासारखं वाटतं, तेव्हा १६ च्या खाली जाऊ नका. झूमच बंद करायचा मेटा टॅग टाकू नका, ज्यांना नीट दिसत नाही त्यांच्यावर तो अन्याय आहे. तारखेचा इनपुट आयफोनवर कॉलमच्या बाहेर जात असेल तर पुन्हा मिन-विड्थ: ० आणि विड्थ: १०० टक्के.

एच-वनलाही स्वतः फॉन्ट-साइझ आणि मार्जिन द्या. सेक्शन किंवा आर्टिकलच्या आतला एच-वन ब्राउझर आपोआप लहान करायचे, ती जुनी पद्धत आता ते काढून टाकतायत, त्यामुळे व्हर्जननुसार आकार बदललेला दिसेल.

ब्राउझरचं नाव न विचारता आधार द्यायचा

यूजर एजंट (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) वाचून 'सफारी असेल तर' असं लिहू नका, ती ओळ नव्या व्हर्जनला लगेच खोटी ठरते. सीएसएसमधल्या ॲट-सपोर्ट्स या नियमाने प्रॉपर्टी चालते का ते विचारा. त्यात एक अडचण आहे, गॅपसाठी विचारलंत तर जुनी सफारी हो म्हणते कारण ग्रिडमध्ये तिला गॅप येतो, फ्लेक्समध्ये नाही. तिथे सरळ ग्रिड वापरा किंवा मार्जिनने काम भागवा.

सिलेक्टर स्वल्पविरामाने जोडतानाही जपून. यादीतला एक सिलेक्टर ब्राउझरला कळला नाही तर पूर्ण नियमच रद्द होतो. मोझवाला आणि वेबकिटवाला (नावाआधी इंजिनाचा प्रीफिक्स असलेला) सूडो-एलिमेंट, म्हणजे एलिमेंटच्या आतल्या भागाचा सिलेक्टर, एकाच नियमात लिहिला तर क्रोममध्ये दोन्ही जातात, वेगळे लिहा. प्रीफिक्स हाताने लिहीत बसू नका, ऑटोप्रीफिक्सर या टूलला ब्राउझरलिस्टच्या सेटिंगमध्ये तुमची व्हर्जनं सांगा. ब्लर दाखवणारा बॅकड्रॉप-फिल्टर सफारीत १८ च्या आधी वेबकिट प्रीफिक्सशिवाय चालत नव्हता, हे तो आपोआप सांभाळतो.

मॅक किंवा आयफोन नसेल तर

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये आयफोन निवडला तर रुंदी वगैरे बदलते, इंजिन ब्लिंकच राहतं, सफारीचा बग तिथे कधीच दिसणार नाही. प्लेराइट हे मोफत टूल विंडोज आणि लिनक्सवरही वेबकिट उतरवून देतं, टर्मिनलमध्ये एनपीएक्स प्लेराइट डब्ल्यूके आणि पुढे पत्ता टाकला की विंडो उघडते. फ्लेक्स-ग्रिडचे बग त्यात सापडतात, पत्त्याच्या पट्टीचे आणि फॉन्टचे नाही, कारण आयफोनची पट्टी आणि फॉन्ट तिथे नसतात. त्यासाठी खरा फोन हवा. ब्राउझरस्टॅक, जी २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली कंपनी आहे, खरे फोन नेटवरून भाड्याने वापरायला देते, किंवा मित्राचा आयफोन अर्ध्या तासासाठी मागून घ्या.

आयफोन आणि मॅक दोन्ही हाताशी असतील तर आयफोनच्या सफारी सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डखाली वेब इन्स्पेक्टर चालू करा, केबलने जोडा आणि मॅकच्या सफारीत डेव्हलप मेनूतून पान उघडा. अँड्रॉइडला डेव्हलपर ऑप्शनमधून यूएसबी डीबगिंग चालू करून डेस्कटॉप क्रोमच्या इन्स्पेक्टच्या पानावर फोन दिसतो.

आणि खरंच ब्राउझरचाच बग असेल तर

असतातही. तुमच्याकडे दहा ओळींचा तुकडा आहे, तीनपैकी एकच इंजिन वेगळं वागतंय, आणि स्पेसिफिकेशन वाचल्यावर बाकी दोघं बरोबर वाटतायत, अशा वेळी तो तुकडा वेबकिट किंवा मोझिलाच्या बगझिलामध्ये, नाहीतर क्रोमियमच्या इश्यू ट्रॅकरमध्ये आधी शोधा आणि नसेल तर नोंदवा. काय अपेक्षित होतं, काय दिसलं, व्हर्जन कोणतं, आणि तुकडा. देवनागरीशी संबंधित बग असेल तर जरूर नोंदवा, वापरलेला फॉन्ट आणि मजकूर सोबत देऊन, कारण ते बग आपल्यासारख्यांनाच दिसतात आणि आपण सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार. तोपर्यंत साइटवर तात्पुरता उपाय टाकायचाच असेल तर त्याच्या वरच्या ओळीत बगचा नंबर आणि व्हर्जन कमेंटमध्ये लिहा, म्हणजे दुरुस्ती आल्यावर तो तुकडा बिनधास्त काढता येईल.